गरोदरपणात गळ्यात गाठ आणि घशात सतत काहीतरी अडकल्यासारखं

निशिगंध | १४ फेब्रुवारी, रात्री ११:४०

बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. गप्पांच्या धाग्यावर लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं म्हणून वेगळा.

मला १९ वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. महिनाभरापासून घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. खाकरून काही निघत नाही. आवंढा गिळला की जास्त जाणवतं, आणि जाणवतं म्हणून दिवसातून शंभरदा आवंढा गिळते. सर्दी नाही, ताप नाही. आधी वाटलं ऍसिडिटी, मग वाटलं मनाचे खेळ.

परवा रात्री मानेला क्रीम लावताना गळ्याच्या खालच्या भागात, मध्यापासून जरा उजवीकडे, बोटाला गोटीसारखं लागलं. दुखत नाही. गिळलं की बोटाखालून वर सरकतं आणि परत जागेवर येतं. नवऱ्याला हात लावून बघायला सांगितलं. त्याला आधी सापडेच ना. सापडलं तेव्हा त्याचा चेहरा बघून मी जास्त घाबरले.

सुरुवातीला टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी) केली होती, १.१ आली, "नॉर्मल आहे" म्हणाले. मग गाठ कशी? थायरॉइड नॉर्मल असताना थायरॉइडची गाठ असते का? बाळाला काही होईल का? स्त्रीरोगतज्ज्ञांची पुढची वेळ दहा दिवसांनी आहे. थांबू की उद्याच जाऊ?

---

खारूताई | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

निशिगंध, रात्रभर जागी होतीस ना? लिहिण्यावरून कळतंय.

टीएसएच नॉर्मल आणि गाठ आहे, असंच बहुतेकींचं असतं. ग्रंथी किती हार्मोन बनवतेय ते रक्तातून कळतं. तिच्या आत गाठ आहे का, ते फक्त सोनोग्राफीत दिसतं. मला दुसऱ्या खेपेला सापडली होती, तीही अंगणवाडीच्या वयाच्या लेकीला! माझ्या गळ्याशी खेळताना "आई, हे काय?" म्हणाली.

दहा दिवस थांबू नकोस. रात्रीतून धावायचीही गरज नाही. फोन करून या आठवड्यातली वेळ माग. धावायचं कधी, तर श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, आडवं झाल्यावर गुदमरत असेल, पाणीसुद्धा उतरत नसेल किंवा गाठ एक-दोन दिवसांत एकदम फुगली असेल तर. यातलं काही आहे का?

---

निशिगंध | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

नाही गं, यातलं काहीच नाही. जेवण तर व्यवस्थित जातं. उलट जेवताना ते अडकल्यासारखं विसरायलाच होतं.

---

कानघसा | १५ फेब्रुवारी, दुपारी २:१५

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. इथे कुणाचं निदान करत नाही, करूही नये. पण तुमच्या शेवटच्या ओळीत बरंच काही आहे, म्हणून लिहितो.

घास अडकणं आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिल्या प्रकारात खाताना त्रास होतो, आधी घट्ट पदार्थांचा, मग पातळ पदार्थांचाही. दुसऱ्या प्रकारात कोरडा आवंढा गिळताना त्रास होतो आणि जेवताना तो कमी होतो किंवा जातो. तुम्ही वर्णन केलाय तो दुसरा प्रकार. आमच्याकडे रोज असे रुग्ण येतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या गळ्यात गाठ नसते.

गरोदरपणात याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे पोटातलं आम्ल वर येणं. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते, पुढे वाढतं पोट जठराला खालून ढकलतं. छातीत जळजळ झालीच पाहिजे असं नाही. काहींच्या फक्त घशाला त्रास होतो: सकाळी घसा बसलेला, सारखं खाकरणं, गोळा असल्यासारखं वाटणं. दुसरं कारण नाक. गरोदरपणात नाकाची अस्तरं सुजतात, रात्री तोंड उघडं राहतं, घसा कोरडा पडतो, नाकातला स्राव मागून घशात उतरत राहतो.

म्हणजे गाठ आणि घशातला गोळा, दोन्ही तुमच्याकडे आहेत, पण एकामुळे दुसरं असेलच असं नाही. लहान गाठ, विशेषतः पुढच्या बाजूची, सहसा काहीच जाणवू देत नाही. ती मोठी असेल किंवा मागच्या बाजूला अन्ननलिकेला चिकटून वाढली असेल तर दाब जाणवतो. दोन्हींचा तपास वेगवेगळा करायला सांगा. नाहीतर गाठ साधी निघते, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि घशाचं तसंच राहतं.

गिळताना वर सरकते म्हणजे ती थायरॉइडमधली असण्याची शक्यता जास्त, कारण ही ग्रंथी श्वासनलिकेला बांधलेली असते. आवाज बसलाय का? तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर स्वरयंत्र बघावं लागेल. नाकातून बारीक दुर्बीण घालतात, दोन-तीन मिनिटांचं काम, गरोदरपणात चालतं. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर? लहानपणी मानेवर किरणोपचार? मानेच्या बाजूला आणखी गाठी?

---

निशिगंध | १५ फेब्रुवारी, रात्री ९:५०

डॉक्टर, मनापासून आभार. आवाज ठीक आहे. कॅन्सर कुणाला नाही, आईला थायरॉइडची गोळी चालू आहे. किरणोपचार नाहीत. सकाळी तोंड आंबट असतं, हे तुम्ही लिहिल्यावर लक्षात आलं. ते मी गरोदरपणाच्या खात्यात टाकून दिलं होतं.

परवाची वेळ मिळाली.

---

मोकळं_आकाश | १६ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

गाठ म्हणजे आयोडीनची कमतरता. समुद्री शेवाळाच्या गोळ्या मिळतात, पूर्णपणे नैसर्गिक. माझ्या ओळखीत एकीची गाठ तीन महिन्यांत विरघळली. रोज रात्री तेल लावून हलक्या हाताने वरून खाली चोळायचं.

---

कानघसा | १६ फेब्रुवारी, दुपारी १:३०

कृपया हे करू नका. आयोडीन गरोदरपणात जास्त लागतं, हे खरं. एरवी मोठ्यांना दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटना २५० सांगते. पण शेवाळाच्या गोळीत किती आयोडीन आहे याचा भरवसा नसतो, कित्येकदा ते गरजेच्या अनेक पट निघतं. जास्त आयोडीनने ग्रंथीचं काम बंद पडू शकतं, आणि बाळाची ग्रंथी तर आईच्या ग्रंथीइतकी सावरूही शकत नाही. आयोडीनयुक्त मीठ आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, एवढं बस. चोळून गाठ जात नाही. कुणाची विरघळली असेल तर ती बहुधा पाण्याची गाठ असणार. त्या आपल्या आपणही ओसरतात.

---

मोकळं_आकाश | १६ फेब्रुवारी, दुपारी १:४२

मी चांगल्या हेतूने लिहिलं होतं.

---

खारूताई | १६ फेब्रुवारी, दुपारी २:००

हेतूबद्दल कुणी बोललं नाही हो. गोळीबद्दल बोलले.

---

निशिगंध | २१ फेब्रुवारी, रात्री १०:१५

सोनोग्राफी झाली. रिपोर्ट हातात आल्यापासून हात थंड पडलेत. उजव्या बाजूला १८ × ११ × १० मिलिमीटरची गाठ, भरीव, "हायपोएकोइक", कडा नीट, कॅल्शियमचे ठिपके नाहीत, मानेतल्या लसिका ग्रंथी ठीक. आणि खाली ठळक अक्षरात "टीआय-रॅड्स ४".

४ म्हणजे चौथी स्टेज ना? नवऱ्याने नेटवर बघितलं, आता तो बोलत नाहीये.

---

उंटावरचा_शहाणा | २१ फेब्रुवारी, रात्री १०:२८

नाही नाही नाही. स्टेज नाही!! आधी नवऱ्याला सांग.

टीआय-रॅड्स ही सोनोग्राफीत गाठ दिसते कशी याला गुण द्यायची पद्धत आहे. भरीव असली की २ गुण, आजूबाजूच्या भागापेक्षा काळपट दिसली की २. तुझे झाले ४. चार ते सहा गुण म्हणजे गट ४, "मध्यम संशयास्पद". त्याचा अर्थ एवढाच की गाठ दीड सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर सुईने नमुना घ्यावा. तुझी १.८ आहे. गट ३ असता तर अडीच सेंटिमीटरपर्यंत सुईची शिफारस नसते, गट ५ असता तर एक सेंटिमीटरलाच करतात. या गटातल्याही बहुतेक गाठी साध्याच निघतात.

(मी डॉक्टर नाही. बायकोच्या वेळी हे सगळं रात्री दोन वाजता वाचलंय, त्याचं चीज होतंय.)

---

निशिगंध | २१ फेब्रुवारी, रात्री १०:४०

वाचून दाखवलं. आता तोही "अरे हो का" म्हणतोय. पण सुई? गरोदरपणात?

---

तिसरी_घंटा | २२ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

निशिगंध, हे लिहू की नको असा बराच विचार केला, कारण माझी गाठ साधी नव्हती. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे म्हणून लिहितेय. घाबरवायचं नाहीये.

सुई गरोदरपणात केव्हाही चालते. किरणोत्सर्गी पदार्थ देऊन करतात तो थायरॉइड स्कॅन मात्र चालत नाही, तो कुणी सुचवला तर "मी गरोदर आहे" हे ठासून सांग. माझी सुई चौदाव्या आठवड्यात झाली. थायरॉइडचा पॅपिलरी प्रकारचा कॅन्सर, १.३ सेंटिमीटर. डॉक्टर म्हणाले, हा अतिशय हळू वाढतो, बाळ होईपर्यंत थांबता येईल. मधे सोनोग्राफी करू, चोविसाव्या आठवड्याच्या आत बरीच वाढली किंवा लसिका ग्रंथींत दिसली तर दुसऱ्या तिमाहीतच ऑपरेशन, नाहीतर नंतर.

वाढली नाही. ते पाच महिने गळ्यात कॅन्सर घेऊन मी बाळाचे कपडे धुऊन घड्या घालत होते. लोक म्हणायचे "कशी गं शांत राहतेस". शांत कसली. रोज आंघोळीनंतर बोटांनी मोजायचे. शेवटी डॉक्टरांनी गळ्याला हात लावायची बंदी घातली, कारण रोज दाबून तिथे खरोखरच दुखायला लागलं होतं.

बाळ अडीच महिन्यांचं असताना उजवा भाग आणि मधला पूल काढला. डावा आहे. आधीच दूध काढून साठवून ठेवलं होतं. स्वरतंतूंची नस ग्रंथीच्या अगदी मागून जाते, ती दुखावल्याने तीन आठवडे आवाज घोगरा होता, बाळ माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघायचं. मग परत आला. आता लेक दोन वर्षांची आहे आणि दूध पिताना तिचं बोट बरोबर त्या व्रणावरून फिरतं, इकडून तिकडे.

सुई करायची का थांबायचं हा निर्णय डॉक्टर बहुतेक तुझ्यावर सोडतील, दोन्ही चालतं. मला न कळण्यापेक्षा कळलेलं परवडतं. तुझं तू ठरव.

---

पाऊसवेळ | २२ फेब्रुवारी, सकाळी ८:०० 

तिसरी_घंटा, काय बोलू. लेकीला पापा.

---

निशिगंध | ३ मार्च, संध्याकाळी ६:३०

झाली एकदाची सुई.

सविस्तर लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा असं कुणी लिहिलेलं सापडलं नव्हतं. खांद्याखाली उशी आणि मान मागे, छताकडे बघत. उताणं झोपल्यावर मला गरगरतं म्हटल्यावर नर्सने उजव्या कुशीखाली चादरीची गुंडाळी सारली, म्हणजे पोटाचा भार डावीकडे कलला. डॉक्टर म्हणाले, "सुई आत असताना बोलायचं नाही आणि गिळायचं नाही." झालं! महिनाभर दिवसातून शंभरदा आवंढा गिळणाऱ्या बाईला सांगितलं गिळू नका. तोंडात समुद्र जमला. तिसऱ्या वेळी डोळ्यांतून पाणी आलं ते दुखलं म्हणून नाही, आवंढा दाबून धरल्यामुळे.

रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक सुई असते. टोचल्याचं थोडं दुखतं, मग आत ढवळल्यासारखं विचित्र वाटतं, दुखणं असं नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत तीनदा घेतली. प्रत्येक वेळी काचपट्टीवर फासायचे, स्पिरिटचा वास. दुसऱ्या टोचणीला पोटातून जोरात लाथ बसली. डॉक्टर म्हणाले, "त्यांनी हरकत नोंदवली." नंतर दहा मिनिटं बर्फ. संध्याकाळी थोडं काळंनिळं.

रिपोर्ट चार दिवसांनी.

---

पाऊसवेळ | ३ मार्च, संध्याकाळी ७:१०

आधीच सांगून ठेवते, रिपोर्टवर "बेथेस्डा" आणि पुढे आकडा असेल, १ ते ६. तीही स्टेज नाही! माझ्या वेळी १ आला आणि मी "सर्वांत चांगला आकडा" म्हणून आनंदाने सगळ्यांना सांगितलं. १ म्हणजे नमुना पुरला नाही, परत करा. २ म्हणजे साधी. ३ आणि ४ म्हणजे अधलंमधलं, ५ दाट संशय, ६ कॅन्सर. २ यावा अशी इच्छा धर.

---

निशिगंध | ७ मार्च, दुपारी १२:०५

२!!!!

---

खारूताई | ७ मार्च, दुपारी १२:०७

:) :) :)

---

तिसरी_घंटा | ७ मार्च, दुपारी १२:३०

फार फार बरं वाटलं.

---

निशिगंध | ९ मार्च, रात्री ९:००

आता घशाचं. गाठ साधी कळली त्या दिवशी गोळा पूर्ण गायब. दुसऱ्या दिवशी सकाळी परत हजर. म्हणजे निम्मं मनाचं आणि निम्मं खरं, असा माझा हिशोब. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितली. मागचा भाग लाल आणि सुजलेला, स्वरतंतू छान हलतायत. आम्लाचं औषध दिलं, गरोदरपणात चालणारं. पलंगाच्या डोक्याकडचे पाय उंच करायला सांगितले (नुसत्या उशा वाढवल्या तर पोट मुडपतं आणि आम्ल उलट वर येतं), डाव्या कुशीवर झोपायचं, जेवण आणि झोप यांत तीन तास. आणि कोरडा आवंढा आला की घोटभर पाणी प्यायचं, खाकरायचं नाही. सारखं खाकरल्यानेच घसा सुजलेला राहतो म्हणे.

पाण्याची बाटली आता माझ्या शरीराचा भाग झालीय.

---

कानघसा | १० मार्च, सकाळी ११:४५

उत्तम. औषधाला वेळ द्या, घसा सावकाश बरा होतो. आणि एक गोष्ट आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा: प्रसूतीनंतरची सोनोग्राफी. गरोदरपणात बीटा-एचसीजी हे हार्मोन थायरॉइडला चुचकारत असतं, शिवाय एरवीपेक्षा जवळजवळ निम्मं जास्त हार्मोन तिला बनवावं लागतं, त्यामुळे ग्रंथी थोडी मोठी होते आणि गाठीही थोड्या वाढू शकतात. साध्या गाठीवरसुद्धा लक्ष ठेवावं लागतं. बाळ झालं की आईच्या सगळ्या तारखा चुकतात, हा माझा अनुभव.

---

नवखा_बाबा | १८ मे, रात्री १:२०

धागा वर काढतोय. गाठीचं नाही, पण थायरॉइडचंच असावं असं वाटतं.

बायकोला बाळंत होऊन साडेतीन महिने झाले. वजन झरझर उतरतंय, सगळे कौतुक करतायत. पण छातीत धडधडतं, हात कापतात, बाळ झोपलं तरी ती झोपत नाही, घामाने भिजते. गळा पुढून जरा भरल्यासारखा दिसतो, दुखत नाही. दाखवलं तिथे "नवीन आई आहे, टेन्शन घेतेय" म्हणून परत पाठवलं. ती आता म्हणते, मलाच आईपण जमत नाहीये. मला नाही पटत.

---

खारूताई | १८ मे, सकाळी ६:४०

दादा, उद्यावर टाकू नका. टीएसएच आणि फ्री टी४ (थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन) आजच करून घ्या. हुबेहूब माझी गोष्ट आहे.

माझं निदान होतं प्रसूतीनंतरचा थायरॉइडायटिस. बाळंतपणानंतर वर्षभरात साधारण शंभरात पाच जणींना होतो. गरोदरपणात दबून बसलेली प्रतिकारशक्ती बाळ झाल्यावर उसळी मारते आणि आपल्याच ग्रंथीवर हल्ला करते. ग्रंथीतला साठवलेला हार्मोन रक्तात सांडतो, म्हणून आधी धडधड, थरथर, घाम, वजन घटणं. मग साठा संपतो आणि काटा उलटा फिरतो: थकवा, थंडी, बद्धकोष्ठ, केस गळणं, रडू येणं. हे सगळं बाळंतिणीला "असतंच", त्यामुळे कुणी तपासत नाही. मी सहा महिने "असतंच" ऐकत काढले. तपासलं तेव्हा टीएसएच ३८ होती (ग्रंथी मंदावली की ही वाढते, जास्त चालली की खाली जाते).

तिला सांगा, आईपण जमतंय की नाही हे हात कापत असताना ठरवायचं नसतं.

---

कानघसा | १८ मे, दुपारी १:०५

खारूताईंशी सहमत. फक्त एक फरक तपासून घ्यावा लागेल. ग्रेव्हज् डिसीज नावाच्या आजारातही असंच होतं, आणि तोही बाळंतपणानंतर डोकं वर काढतो. त्यात ग्रंथी जास्तीचा हार्मोन बनवत असते, थायरॉइडायटिसमध्ये फक्त सांडत असते. म्हणून पहिल्यात ग्रंथीला रोखणाऱ्या गोळ्या लागतात, दुसऱ्यात त्यांचा काही उपयोग नाही. धडधड कमी करणारी गोळी तेवढी देतात आणि वाट बघतात. ओळखायला रक्तातली टीएसएच रिसेप्टरविरोधी अँटीबॉडी उपयोगी पडते. किरणोत्सर्गी स्कॅनही असतो, पण अंगावर पाजत असतील तर ते आधी सांगा, दूध काही काळ थांबवावं लागतं. डोळे पुढे आल्यासारखे वाटत असतील तर तेही सांगा. एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञाकडे जा.

ताप असेल, गळा दुखत असेल, दुखणं कानापर्यंत जात असेल तर तो तिसराच प्रकार, सहसा विषाणूच्या आजारानंतरचा. तुमच्या वर्णनात तसं दिसत नाही.

---

उंटावरचा_शहाणा | १८ मे, दुपारी २:३०

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असतील तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस बंद ठेवा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात, अगदी ग्रेव्हज् असल्यासारखे. आमच्याकडे हे नाटक होऊन गेलंय.

---

नवखा_बाबा | २६ मे, रात्री ११:१०

टीएसएच ०.०१. अँटीबॉडी निगेटिव्ह. थायरॉइडायटिसच म्हणाले. धडधडीची गोळी सुरू, सहा आठवड्यांनी परत तपासणी. दूध चालू ठेवायला सांगितलंय.

घरी आल्यावर ती रिपोर्ट हातात धरून रडली. मी घाबरलो. म्हणाली, "म्हणजे मी वेडी नाहीये."

---

खारूताई | २७ मे, सकाळी ७:००

दादा, पुढची तपासणी चुकवू नका, मधे एकदम बरं वाटायला लागतं तेव्हाच सगळे सोडून देतात आणि दुसरा टप्पा गाठतो. बहुतेकींचं वर्ष-दीड वर्षात पूर्ववत होतं. काहींची, माझ्यासारखीची, गोळी कायमची राहते. आणि पुढच्या बाळंतपणाआधी डॉक्टरांना हे आठवणीने सांगायचं, परत होण्याची शक्यता बरीच असते.

---

निशिगंध | ११ जानेवारी, दुपारी ४:२०

मी आले परत! मुलगा झाला, ६ जुलैला. आता सहा महिन्यांचा आहे, हे सगळं एका हाताने लिहितेय.

आधी घसा. प्रसूतीनंतर दोनेक आठवड्यांत गोळा गेला. कधी गेला ते कळलंही नाही, एक दिवस लक्षात आलं की पाण्याची बाटली कुठे ठेवलीय ते आठवत नाहीये.

गाठीची सोनोग्राफी ऑक्टोबरमध्ये ठरली होती. कानघसा डॉक्टर, तुमचं खरं ठरलं, तीन वेळा पुढे ढकलली. बाळाच्या लसीची एक तारीख चुकवली नाही हं! काल शेवटी जाऊन आले. २० × १२ × १० मिलिमीटर. आधी १८ × ११ × १० होती. वाढली ना? डॉक्टर "ठीक आहे, वर्षाने या" म्हणाले. बाळ रडत होतं म्हणून नीट विचारता आलं नाही आणि आता गाठ वाढलीय एवढंच डोक्यात आहे.

---

उंटावरचा_शहाणा | ११ जानेवारी, संध्याकाळी ५:०५

अभिनंदन! माझा आवडता विषय काढलास.

वाढली असं कधी म्हणतात? किमान दोन मापं २० टक्क्यांनी वाढलेली हवीत, आणि प्रत्येकी निदान २ मिलिमीटरने. किंवा आकारमान ५० टक्क्यांहून जास्त वाढलेलं हवं. तुझं १८ चं २० झालं, ११ टक्के. ११ चं १२, नऊ टक्के. आकारमान काढायला तिन्ही मापांचा गुणाकार करून ०.५२ ने गुणायचं: आधी साधारण १.०३ मिलिलीटर, आता १.२५. म्हणजे २१ टक्के. निकषात बसत नाही. तपासणारा हात बदलला, यंत्र जरा तिरकं धरलं, तरी मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात.

---

कानघसा | ११ जानेवारी, रात्री ८:४०

गणित बरोबर आहे. पुढच्या वेळी जुना रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्या, शक्यतो त्याच ठिकाणी करा. टीएसएच केली का बाळंतपणानंतर?

---

निशिगंध | ११ जानेवारी, रात्री ९:१५

नाही :( उद्या करते. खरंच उद्या.

---

निशिगंध | १४ जानेवारी, सकाळी १०:३०

केली. २.३. झालं समाधान? :)

---

शिंपलागोटी | २ फेब्रुवारी, रात्री १०:५०

हा पूर्ण धागा आत्ता वाचला. मला नववा आठवडा आहे, उलट्या खूप. टीएसएच ०.०८ आली. डॉक्टर म्हणाल्या फ्री टी४ नॉर्मल आहे, चार आठवड्यांनी परत बघू. गळ्यात गाठ नाही, पण हे वाचून दहा वेळा चाचपून झालं. घशात मात्र आत्ता, हे लिहिताना, नक्की काहीतरी अडकलंय.

---

निशिगंध | ३ फेब्रुवारी, पहाटे ४:१०

बाळाने उठवलंय म्हणून या वेळेला उत्तर.

आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास बीटा-एचसीजी सगळ्यात जास्त असतं. त्याची बनावट टीएसएचशी मिळतीजुळती, त्यामुळे ते परस्पर थायरॉइडला कामाला लावतं आणि खरी टीएसएच खाली जाते. उलट्या खूप असतील तर आणखीच. पुढे ते आपोआप सावरतं, म्हणून तुझ्या डॉक्टर थांबायला सांगतायत. तरी चार आठवड्यांची ती तपासणी चुकवू नकोस, आणि मधे धडधड, थरथर सुरू झाली तर आधी जा.

चाचपणं बंद कर. बघायचंच असेल तर एकदा आरशासमोर उभी राहा, हनुवटी जरा वर, घोटभर पाणी तोंडात घे आणि गिळताना गळ्याच्या खालच्या भागाकडे बघ. काही वर-खाली सरकताना दिसलं नाही तर आरसा सोड. दिसलं तर सांग डॉक्टरांना, दिवसा.

घशात अडकलंय ते पाणी पिऊन झोप. माझ्याही आत्ता, तुझं वाचताना, अडकलं.